दीड हात मागे

जमादारांच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला धड कातडी उरलीच नव्हती. चट्ट्यावर चट्टा आणि त्यावर एखादा नवा फोड. बोटीचा ट्रेलर घेऊन निघालेला ट्रक दर काही मैलांवर ते थांबवत, खाली उतरत आणि ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मधल्या तुंब्याला हाताची ती बाजू टेकवत. आतलं बेअरिंग तापलं असेल तर ते तिथे कळतं. तळहात का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. ‘‘तळवा भाजला तं काम तुहा बाप करंन?’’ असं उत्तर आलं. त्यांच्या बहुतेक उत्तरांत कोणाचा तरी बाप असे.

मला हा माणूस आवडत नव्हता. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं प्रेमापोटी लिहिलं, असं कोणी समजू नये.

अमरावतीच्या एका सरकारी यार्डात मी मुकादम होतो. पुरात माणसं काढायच्या लोखंडी बोटी तिथे ठेवलेल्या असत. मृगाच्या आधी त्या ट्रेलरवर चढवून पूर्णाकाठी दर्यापूरकडे न्यायच्या आणि दिवाळीनंतर परत आणायच्या, हे आमचं वर्षाचं काम. ट्रेलर लष्कराच्या लिलावातले, दोन बैलगाड्यांएवढे लांब. भर उन्हाळ्यात, धुरळ्याच्या रस्त्यावरून, भेगा पडलेल्या काळ्या वावरांमधून बोट चाललेली पाहून लोक हसत. ‘‘डोंगा आनला, आता पानी कवा आनता?’’ असं एखादा हमखास विचारी. आम्ही हसत असू. जमादार त्याला शिवी देत.

लढाईच्या काळात त्यांनी ब्रह्मदेशात लष्करी गाड्या हाकल्या होत्या. ट्रेलरच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधल्या दोन साखळ्या ते फुलीसारख्या एकीवरून दुसरी अशाच बांधत, म्हणजे हूक सुटला तरी दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर पडेल. कोणी सरळ बांधल्या तर लाथेने उडवत. ‘‘ओढाले तं गाढवही ओढते. थांबवाचं कोनी शिकत नाही,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी माझ्यासमोर, माझ्याच माणसांदेखत, माझी गाठ सुरीने कापून टाकली. नीट सोडता आली असती. त्यांना ती सोडायची नव्हती, कापायची होती.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. जमादार छप्पन साली बौद्ध झाले होते. मी दर्यापूरकडच्या पंचवीस एकरवाल्या घरचा. त्यांच्या हाताखाली काम करताना, त्यांनी एकेरीत हाक मारताना माझ्या अंगाचा तिळपापड होई, तो फक्त त्यांच्या तोंडामुळे नव्हता. हे त्यांना कळत होतं. म्हणून तर ते मला मुद्दाम चारचौघांत हाक मारत. ‘‘अबे मुकादम, पाटीलकी घरी ठेवून ये.’’

त्या वर्षी नवी बोट आली होती. आधीच्यांपेक्षा मोठी, आणि इंजिन तिच्या मागच्या टोकाला बसवलेलं. जमादारांनी सकाळभर खपून ती ट्रेलरवर पुढे सरकवून बांधली. ट्रकच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या दबल्या, ट्रक बसल्यासारखा दिसू लागला. मग साहेबांचं बोलावणं आलं म्हणून ते कचेरीत गेले.

मी त्या दबलेल्या पाट्यांकडे पाहत उभा राहिलो. आमच्याकडे बंडी भरायची एक रीत आहे. ओझं पुढे आलं तर जू बैलांच्या मानेवर दाबतं, माना सुजतात. म्हणून भरताना ओझं असं साधायचं की जू मानेवर नुसतं टेकलेलं राहील. बंडी पुढे जड भरणाऱ्याला माझे वडील माणसात धरत नसत. आणि इथे हा शहाणा सगळा भार पुढे टाकून गेला होता. मी माझ्या चार माणसांना म्हणालो, ‘‘लावा पहारी. घ्या मागं.’’

आम्ही दोर सैल केले आणि बोट दीड हात मागे सरकवून पुन्हा आवळली. पाट्या वर आल्या. मी हूक काढला आणि ट्रेलरचा दांडा एका हाताने उचलून दाखवला. माणसं हसली. त्यातला एक म्हणाला, ‘‘आता बैल खुश.’’

जमादार परतले ते साहेबांची घाई बरोबर घेऊनच. संध्याकाळच्या आत दर्यापूर गाठायचं होतं. त्यांनी साखळ्या पाहिल्या, तुंबे पाहिले. मग दोरांपाशी थबकले.

‘‘मुकादम, दोर कोनं हलवले?’’

‘‘कोणी नाही. ढिले वाटले, आवळले.’’

‘‘डोंगा हलला?’’

‘‘नाही.’’

एरवी त्यांनी दांड्याखाली खांदा लावून भार जोखला असता. त्या दिवशी साहेबांचा शिपाई मागे उभा होता. ‘‘चाल. तुह्या शब्दावर चाललो,’’ म्हणाले, आणि ड्रायव्हर मजीदच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी कोणाच्या शब्दावर काही केलेलं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

मी ट्रकच्या मागच्या भागात, ट्रेलरकडे तोंड करून बसलो होतो. सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं. वलगाव मागे पडलं. पुढे एका नाल्याचा उतार लागला, ट्रकने वेग घेतला आणि ट्रेलर हलू लागला. आधी थोडासा डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. बोटीचं मागचं टोक रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडू मारत होतं आणि प्रत्येक हेलकाव्याला आमचा ट्रक मागून उचलला जात होता. पुढून जमादारांचा आवाज आला, ‘‘बिरेक नोको मारू, मजीद, नोको मारू!’’ मजीदने घाबरून ब्रेक दाबला. कोणीही दाबला असता. ट्रेलर फिरून आडवा झाला, हुकाची कडी निसटली, एक साखळी तुटली, आणि बोट दोर तोडून घसरत पुढे गेली.

समोरून एक बंडी येत होती. बोट तिच्यावर आदळून नाल्यात पडली. दोन्ही बैल जागच्या जागी गेले. बंडीवाल्याचा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. तो पायाकडे पाहत नव्हता. बैलांना नावाने हाका मारत होता.

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, बोट कोणी बांधली? मी म्हणालो, ‘‘बांधणी जमादारांची.’’ खोटं एक अक्षर नव्हतं. माझी चार माणसं जमिनीकडे पाहत उभी होती. ती माझ्याच गावची होती.

जमादार उसळले. ‘‘यानं डोंगा मांगं घेतला, साहेब. हा खोटा हाय. याचा बापही खोटा असंन.’’ साहेबांनी तोंड वाकडं केलं. यार्डातल्या प्रत्येकाला जमादारांनी कधी ना कधी खोटारडा म्हटलेलं होतं, साहेबांच्या कारकुनालाही. त्या दिवशी ते खरं बोलत होते, पण आवाज रोजचाच होता. मी मात्र हळू आणि अदबीने बोललो. त्यांची नोकरी गेली. पुढे यार्डात गोष्ट रुळली की जमादार त्या दिवशी पिऊन होते. ते कधीच पीत नसत. ही गोष्ट मी सुरू केली नाही. ऐकल्यावर कधी थांबवलीही नाही.

त्यांची जागा मला मिळाली. भार पुढे का हवा, हे मी नंतर शिकलो. ट्रकला मान नसते. मागे जड झालेला ट्रेलर दांड्याने ट्रकला उचलतो आणि उतारावर त्यालाच फिरवतो. मी साखळ्या फुलीसारख्या बांधू लागलो, न बांधणाऱ्याला लाथ दाखवू लागलो. माझ्याही उजव्या हाताच्या मागच्या बाजूला चट्टे आहेत. नातवंडं विचारतात, तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी अकोल्याला त्यांचं घर शोधून काढलं. अंगणात खाट टाकून बसले होते, खूप वाळलेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच बोलायला लागलो, की त्या दिवशी बोट मी मागे घेतली होती, तुम्ही विचारलंत तेव्हा मी...

‘‘मले काहून सांगून राहिला?’’ ते म्हणाले. ‘‘मले तं मालूम हाय.’’

त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं.

‘‘ज्यायले मालूम नाही त्यायले सांग. जा.’’

आतून सूनबाई चहा घेऊन येत होत्या. जमादारांनी हात वर केला, भाजलेली बाजू माझ्याकडे करून, आणि त्यांना तिथेच थांबवलं. मी चहा न घेता निघालो.

साहेब आता नाहीत. मजीद गेला. माझ्या चार माणसांपैकी कोणी उरलं नाही. त्या बंडीवाल्याचं गाव मला माहीत होतं आणि मी तिथे कधी गेलो नाही. पण यार्डात काम केलेल्यांची मुलं, नातवंडं अमरावतीत आहेत, आणि नाल्यात पडलेल्या बोटीची गोष्ट त्यांच्यापैकी काहींनी ऐकलेली असणार. त्यांच्यासाठी लिहितो. जमादार त्या दिवशी प्यायलेले नव्हते. त्यांनी बोट बरोबर बांधली होती. ती दीड हात मागे मी घेतली, आणि त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो.