एक्स-रेला हात धरायला कोण?

जनीबाईंचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं आणि डाव्या हाताने त्यांनी सुनेला घट्ट धरून ठेवलं होतं. एक्स-रे उजव्याचा काढायचा होता, पण डावा सुटत नव्हता.

मी शहापूरला सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. जनीबाई किन्हवलीकडच्या. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असताना बांधावरून घसरल्या होत्या. सोबत सून वैशाली, बाहेर बाकावर मुलगा मधुकर. शॉट घेताना पेशंटशिवाय खोलीत कोणी थांबत नाही, असं मी सांगितलं. जनीबाई म्हणाल्या, सून नसेल तर फोटोच नको, मी घरी जाते.

फारच अडलं, तर एखाद्या नातेवाइकाला शिशाचा एप्रन घालून थांबू देतो. पण बाई असेल तर एक प्रश्न आधी विचारावाच लागतो.

"दिवस गेलेत का?" मी वैशालीला विचारलं.

तिने सासूकडे बघितलं, मग म्हणाली, "नाय." म्हणताना मोकळा हात पोटावर गेला.

एक्स-रेचे किरण शरीरातून आरपार जातात. जाता जाता पेशींना थोडा धक्का देतात. शरीर बहुतेक ठिकाणची डागडुजी स्वतःच करतं. किरण जास्त झाले तर ती पुरी पडत नाही, आणि भरभर वाढणाऱ्या पेशींना आधी फटका बसतो. पोटातलं बाळ तर नुसतं वाढतच असतं. शिवाय पेशंटच्या अंगावर आपटून थोडे किरण आजूबाजूला उडतात. मनगटाच्या एका शॉटने शेजारच्या माणसाला काही होणं जवळपास अशक्य. तरी शंका असली की आम्ही त्या बाईला बाहेर काढतो.

पण सासूसमोर तिचं गुपित फोडायचं कसं? मी जागच्या जागी एक नियम तयार केला. म्हटलं, एप्रन जड असतो, बायकांना पेलत नाही, पुरुष माणूसच लागेल. वैशाली झटकन हात सोडवून बाहेर गेली.

मधुकर आला तो घाबरलेलाच. या किरणांनी पुरुषाची ताकद जाते, असा व्हिडिओ त्याने मोबाईलवर बघितला होता. मी सांगितलं की फार मोठ्या डोसने तसं होऊ शकतं, इथे नाही. तरी त्याने दोन एप्रन मागून घेतले. एक पुढून बांधला, एक मागून. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, बाप व्हायला काय प्रॉब्लेम नाय ना यायचा?"

मी तोंड उघडायच्या आत स्टुलावरून जनीबाई म्हणाल्या, "तो तू झालास. आता गप उभा ऱ्हा."

मग जनीबाईंनी मला सगळं सांगितलं. सुकट भाजायला घेतली की वैशाली गोठ्याकडे पळायची. मागच्या खेपेला मधुकरने लगेच साऱ्या पाड्यात सांगितलं होतं आणि ते मूल राहिलं नाही. या वेळी तिने नवऱ्यालाही कळू दिलं नाही. पोरीने चिखलात वाकू नये म्हणून जनीबाई काहीबाही कारणं काढून स्वतःच आवणीला जात होत्या. आता हातच मोडला, तर तिला अडवणार कोण?

"तिनं सांगितल्याबिगर मी कशी बोलू?" जनीबाई म्हणाल्या. "पोटुशीला मशिनजवळ थांबू देत नाय, हे ऐकलं होतं. म्हटलं, हात सोडायचाच नाय. बघू मशिनवाल्या बाई काय करतात. तुमी तिला भायेर काढलंत, तवा पक्कं झालं."

मी जरा ऐटीत म्हटलं, मी तर फक्त एप्रन जड असतो एवढंच बोलले.

"एप्रन तर तुमीच घालता की," त्या म्हणाल्या.

तोवर मधुकर दोन्ही एप्रनसकट बायकोकडे धावला होता. जनीबाईंनी सुजलेला हात आपणहून नीट सपाट ठेवला आणि म्हणाल्या, काढा आता, मला कुणी धराया नको.

हाडाला बारीक चीर होती. प्लास्टर झालं. वैशालीला डॉक्टरमॅडमनी शेजारच्या खोलीत तपासलं, सगळं ठीक होतं. बाहेर आली ती डोळे पुसत, आणि सासूची पिशवी उचलायला वाकली. जनीबाईंनी प्लास्टरच्या हातानेच पिशवी मागे ओढली आणि मुलाकडे दिली.

तेव्हापासून दिवस गेल्याचा प्रश्न मी सासूला आधी बाहेर बसवून विचारते. किरणांना शिसं अडवतं. सासूला काय अडवतं, ते आमच्या कोर्सला नव्हतं.