डबीला शिवलेलं फडकं

रुद्राणीवैनीनं ती गाठ पहिल्यांदा मला दाखवली होती. मी तिची नणंद, नागम्मा. तेव्हा मी विशीत होते, ती अठ्ठावीस वर्षांची. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पण रेणापुरात पाण्याचा ठणठणाट होता. आमच्या आडात पहाटे तेवढं पाणी लागायचं. वैनी तान्ह्या लेकीला पाजून उठायची आणि दोर ओढायला उभी राहायची.

डाव्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती.

"नागू, हे काय असंल गं?"

मी अव्वाला, म्हणजे माझ्या आईला बोलावलं. आम्ही लिंगायत; आमच्यात बायकाही गळ्यात लिंग घालतात, चांदीच्या डबीत. वैनीची माहेरची डबी चांगली वजनदार होती. दोर ओढताना ती वाकली की डबी नेमकी तिथंच आपटायची. अव्वानं डबी हातात तोलून पाहिली आणि निकाल देऊन टाकला. "डबी बोचायलीय. दुसरं काई न्हाई."

लिंग गळ्यातून काढायचा तर प्रश्नच नव्हता. मग मी जुन्या लुगड्याचं मऊ फडकं त्या डबीभोवती शिवलं. बारीक टाके घातले, वर कौतुकही करून घेतलं. आग लागो त्या हुशारीला!

गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा मी डबीचा दोरा लांब केला. वैनी एकदा चाचरत म्हणाली, "दवाखान्यात दाखवावं का?" अव्वा हसलीच. "तसलं दुखणं म्हाताऱ्या बायांना होतंय. तू तर लेकराला पाजायलीस."

माझा भाऊ बसलिंगप्पा दिवसभर टँकरच्या मागं असायचा. बायकांची गोष्ट म्हणून त्याला कुणी सांगितलंच नाही. मीही नाही.

आठ महिन्यांनी काखेतही गाठी आल्या, तेव्हा तिला बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. तपासण्यापूर्वी नर्सनं ती डबी उतरवून माझ्या हातात दिली. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या तरुणपणी हा रोग बऱ्याचदा झपाट्यानं वाढतो. आणि वय बघून कुणाला संशयही येत नाही. आधी का नाही आणलं?" भाऊ म्हणाला, "आत्ताच कळलं, साहेब." मी फडक्यासकट डबी मुठीत झाकून घेतली.

वर्षाच्या आत वैनी गेली. लिंग तळहातावर ठेवून तिला बसवून पुरलं. लेकीला तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं.

गेल्या साली, साठीला टेकल्यावर, मलाही तशीच गाठ लागली. "या वयात अंगावर काढायचं न्हाई," म्हणत सुनेनं दुपारच्या एसटीनं मला बार्शीला नेलं. गाठ लहान होती, काढून टाकली. मी जगले. मला त्याची लाज वाटते.

वैनीची लेक भेटायला आली होती. माझ्या उशाशी बसून तिनं विचारलं, "आत्या, माझ्या आईचं असं लौकर कुणालाच कळलं न्हवतं का?"

अव्वा जाऊन बरीच वर्षं झाली. आता ते फक्त मला माहीत होतं.

"न्हाई गं," मी म्हणाले.