बंद पडेल असा कार्बोरेटर हवा

टॉपगिअरनं डाव्या हातानं स्वतःची डावी मांडी धरली, पोतं उचलावं तशी उचलली आणि पाय क्लचवर नेऊन ठेवला. आता गिअर टाकायचा होता. गिअर टाकायलाही डावाच हात. उजवा स्टिअरिंगला चिकटलेला. उरलेल्या एका हातानं मांडी सांभाळायची की दुसऱ्यातून पहिल्यात यायचं, हे ठरेपर्यंत गुडघ्यानं राजीनामा दिला, पाय सटकला, जीपनं गचका खाल्ला आणि इंजिन गप्प.

"कार्बोरेटर," टॉपगिअर म्हणाला.

मागे टॉवरच्या जनरेटरसाठी नेलेल्या डिझेलच्या कॅनांमध्ये पाय अडकवून बसलेल्या दोन ऑपरेटरांनी बोटांवर मोजलं. महिन्यातली ही चौथी वेळ, आणि चारही वेळा तिसऱ्याच वळणावर. कार्बोरेटर इतका शिस्तीचा असतो हे त्यांना नव्यानंच कळत होतं.

एकतीस वर्षं हा माणूस हीच जीप याच डोंगरावर नेत होता. खाली ऑफिस, वर टॉवर, मध्ये दगडगोटे. या वाटेवर टॉप गिअर टाकायची वेळ आयुष्यात एकदाही आली नाही, म्हणून लोकांनी नाव ठेवलं टॉपगिअर. जीपचं नाव म्हातारी. म्हातारी त्याची स्वतःची, ऑफिसला भाड्यानं लावलेली, आणि तिच्या सीटवर दुसरा कोणी बसलेला त्याला खपायचा नाही. एकदा ऑफिसातला एक जण नुसता फोटो काढायला बसला, तर ह्यानं नंतर सीट पुसून घेतली. अशा माणसाचा गुडघा गेला होता. ते त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. बामची ट्यूब सीटखाली लपवली होती आणि वास आलाच तर म्हणायचा, डोकं दुखतंय. डोकं दुखणाऱ्या माणसाच्या पँटच्या डाव्या पायालाच वास कसा, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

खोटं बोलायला विषय मात्र त्यानं फर्स्टक्लास निवडला होता. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. त्यात एक वाटी, वाटीत पेट्रोल. गाडी चढावर तिरकी झाली की ते पेट्रोलही एका बाजूला जातं, आणि वाटी धड नसेल तर इंजिनाच्या घशात सांडतं. इंजिन ठसका लागून बंद. कोणालाही पटेल.

ऑफिसातल्या साहेबांना पटलं. सोमवारीच म्हणाले, "मग बदला तो. शुक्रवारी मी स्वतः बसतो गाडीत. चढली तर काम तुमचं. नाही चढली तर दुसरी गाडी लावतो, ड्रायव्हरसकट."

त्या 'सकट'नं टॉपगिअरची झोप उडाली.

घराखालच्या गाळ्यात त्याच्या पोरीचं गॅरेज होतं. पोरगी कमी बोलायची आणि जे बोलायची ते बहुतेक नटबोल्टांशी. मंगळवारी तिनं एक हातभर फळी घेतली, तिच्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी बांधली आणि बापाला न विचारता म्हातारी घेऊन डोंगरावर गेली. तासाभरानं आली. बाटलीवर पेनानं तिरकी रेघ मारलेली.

"हा तिसऱ्या वळणाचा चढ," ती म्हणाली. "गाडी तिथं असताना पाणी या रेघेवर होतं. फळी तशीच तिरकी धरायची, वर कार्बोरेटर ठेवायचा, वाटीत पेट्रोल घालायचं. सांडला तर नको."

"गाडी बंद पडली का तिथं?" टॉपगिअरनं विचारलं, एकदम सहज, म्हणजे सहज विचारताना माणूस जेवढा घसा खाकरतो तेवढा खाकरून.

"पडली की," पोरगी म्हणाली आणि पाना शोधायला वळली.

टॉपगिअरच्या जिवात जीव आला. म्हणजे खरंच कार्बोरेटर असेल! दोन मिनिटं त्याला स्वतःचंच खोटं खरं वाटलं. मग तो जिना चढायला लागला आणि चौथ्या पायरीवर गुडघ्यानं आठवण करून दिली.

बुधवारी स्पेअर पार्टच्या दुकानात तिघं गेले. तिसरा म्हणजे मेहुणा. यानं जन्मात सायकलची हवा स्वतः भरली नव्हती, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो इंजिनांचा डॉक्टर झाला होता.

"दाजी, डबल बॅरल घ्या," तो दुकानात शिरायच्या आधीच म्हणाला. "दोन घसे, दुप्पट ताकद. म्हातारी उडेल."

"उडवायची नाहीये मामा, चढवायचीये," पोरगी म्हणाली.

दुकानदारानं डबल बॅरल काउंटरवर ठेवला. चकाचक, आरशासारखा. मेहुण्यानं त्यात बघून भांग सारखा केला. पोरीनं फळी काढली, एका टोकाखाली ऑइलचे डबे सरकवले, बाटलीतलं पाणी रेघेवर आणलं.

"हे काय, प्रयोगशाळा आहे का?" दुकानदार.

"तोंडातली सिगारेट विझवा आधी," पोरगी म्हणाली आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतलं. घशातून धार लागली. काउंटरवरचं बिलबुक भिजलं.

"नवा आहे," मेहुणा म्हणाला. "सवय झाली की थांबेल."

आणि इथं टॉपगिअरनं त्याची बाजू घेतली. जन्मात पहिल्यांदा.

"मलाही हाच बरा वाटतोय," तो म्हणाला.

मेहुणा आनंदानं लाल झाला. बिचाऱ्याला काय माहीत! सरळ हिशोब होता. चांगला कार्बोरेटर बसवला आणि शुक्रवारी गाडी तरीही बंद पडली, तर साहेब दोष कोणाला देणार? सगळ्या डोंगरावर दोष द्यायला उरणार एकच वस्तू, आणि ती टॉपगिअरच्या पँटमध्ये होती. त्याला असा कार्बोरेटर हवा होता जो हमखास बंद पडेल. मग दोष दुकानदाराचा; साहेबांकडून मुदत मागायची, आणि बदला, दुसरा आणा, तो बघा, यात दोन महिने आरामात गेले असते.

"बाबा, हा सांडतोय."

"थोडं सांडणारच. एवढी मोठी वस्तू आहे."

दुकानदारानं दुसरा काढला. "ओरिजिनलच्या तोडीचा. सेम टू सेम." सेम टू सेम तर सपाट काउंटरवरच गळायला लागला, त्याला चढ दाखवायची वेळच आली नाही.

"हा पण वाईट नाही," टॉपगिअर म्हणाला.

पोरीनं बापाकडे पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाली, "खालच्या खणात काय आहे?"

खालच्या खणातून निघाला धुळीनं माखलेला, बुटका, कुरूप कार्बोरेटर. एका भंगारात गेलेल्या जीपचा. साफ केला, फळीवर ठेवला, पेट्रोल घातलं. एक थेंब नाही.

"अहो, हा तर तुमच्या जुन्याचाच सख्खा भाऊ," दुकानदार हसला. "तेच मॉडेल. एवढी सर्कस करून तोच नेणार?"

"हाच," पोरगी म्हणाली.

टॉपगिअरचा चेहरा, नापास व्हायची तयारी करून गेलेल्या माणसाला पेपर सोपा आल्यावर होतो तसा झाला. गुरुवारी पोरीनं नवा कार्बोरेटर बसवला. म्हातारी पहिल्या चावीला सुरू झाली, नेहमीपेक्षाही गोड. टॉपगिअरला ते ऐकून रडू यायचं बाकी होतं.

शुक्रवारी साहेब आले, मागे बसले. टॉपगिअर ड्रायव्हरच्या दारापाशी उभा. आत चढायलाच डावा पाय लागणार होता. त्यानं दाराला धरलं.

"बाबा, तिकडून बसा," पोरगी हात पुसत आली. "नवा कार्बोरेटर बसवला की पहिल्या शंभर फेऱ्या बसवणाऱ्यानंच चालवायच्या असतात. ट्यूनिंग लागेपर्यंत."

एकतीस वर्षांत टॉपगिअरनं असला नियम ऐकला नव्हता.

"असतातच," तो लगेच साहेबांना म्हणाला. "हे आजकालच्या ड्रायव्हरांना माहीत नसतं."

आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला, मालकासारखा. वाटभर बोलत होता. दगड बघ, डावीकडून घे, हॉर्न दे. तिसऱ्या वळणाला तो ओरडला, "आता पहिला! क्लच पूर्ण दाब!" आणि शेजारी बसून त्याचाच पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला. दुखला. पण म्हातारी चढली, एकदाही न ठसकता.

"वा," साहेब म्हणाले. "काम तुमचंच."

"निवड महत्त्वाची असते," टॉपगिअर म्हणाला.

उतरताना त्यानं समोरच्या कप्प्यात हात घातला तर बामची ट्यूब तिथं. आपणच ठेवली असेल, असं म्हणून त्यानं खिशात टाकली.

शंभर फेऱ्या काही संपल्या नाहीत. नव्वदीला आलं की पोरगी म्हणायची, कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी बदललीय, आता पुन्हा पहिल्यापासून. टॉपगिअर कपाळाला आठ्या घालायचा, "काय ही कटकट!" आणि शेजारच्या सीटवर चढून बसायचा. चौकात सांगायचा, पोरीला शिकवतोय, वेळ लागतो.

दीड वर्षानं गाळा मोठा करायला घेतला तेव्हा सामान हलवताना ती फळी मदतीला गेलेल्या आम्हा शेजाऱ्यांच्या हाती लागली. मागच्या बाजूला पोरीच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'जुना कार्बोरेटर. तिसऱ्या वळणाचा चढ. एक थेंब नाही. गाडी बंद पडली नाही.' खाली तारीख. दुकानात गेले त्याच्या आदल्या दिवसाची, मंगळवारची.