शब्दांच्या डोक्यावरची पेन्सिल

संशय घेणं हा माझा पगारी धंदा आहे. सातपूरला एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी बारा वर्षं माल तपासते. मशीनवरून उतरलेला एकेक बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, हातात घ्यायचा, त्याच्या भोकात मापाचं गेज घालून बघायचं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. ऑपरेटर कितीही गोड बोलला, "ताई, एकदम ओके आहे," म्हणाला, तरी स्वतः बघितल्याशिवाय सही करायची नाही. ही खोड घरीही सुटत नाही. भाजीवाल्यानं वर मांडलेले टोमॅटो मी बाजूला सारते. आमचे हे कधी वेळेआधी घरी आले, तर आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघते आणि मग कारण विचारते.

लेक पहिलीत गेली आणि तिच्या इंग्रजीच्या पुस्तकावरही माझी अशीच नजर बसली. मी आणि हे, दोघंही सिन्नरकडच्या खेड्यातल्या मराठी शाळेतले. पोरीला मात्र हौसेनं त्र्यंबक रोडवरच्या इंग्रजी शाळेत घातली होती. पहिलीत त्यांनी लांब स्वर शिकवायला काढले. मला वाटलं, त्यात काय मोठं. आपल्याकडे वेलांटी पहिली की दुसरी एवढं ठरलं की विषय संपला. लिहिताना चुकलं तर चुकलं, पण जे लिहिलंय तेच वाचायचं असतं.

इथं तसलं काही नव्हतं. आवाज एकच, ए. पण पावसाच्या 'रेन'मध्ये तो दोन अक्षरं जोडीनं काढतात, 'डे'मध्ये जोडीदार बदलतो, आणि आठाच्या 'एट'मध्ये तर चार अक्षरांची पंगत बसते. 'केक'चं सगळ्यात भारी. त्यात शेवटी एक ई असतो, तो स्वतः हूं की चूं करत नाही, पण मागच्या अक्षराला बोलायला लावतो. त्याला त्या लोकांनी 'मॅजिक ई' असं लाडाचं नाव ठेवलंय. आपण नामानिराळं राहून दुसऱ्याला बोलायला लावणारी माणसं मी वर्कशॉपमध्ये बघितली आहेत आणि त्यांच्यावर मी काडीचा विश्वास ठेवत नाही. बरं, हा ई तरी दिला शब्द पाळेल की नाही? 'गिव्ह'मध्ये तो बसलेला असतो आणि काही करत नाही. आमच्याकडे दहातले तीन पीस असे निघाले तर अख्खा लॉट परत जातो.

पुस्तकात आणखी एक गाणं होतं. दोन स्वर फिरायला निघाले की पहिला बोलतो, दुसरा गप्प राहतो. मी सकाळी चहाबरोबर ब्रेडचा पुडा उघडला, त्यावरची अक्षरं बघितली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिथंही ई आणि ए फिरायला निघालेले होतेच, पण पहिला आपलं नाव 'ई' काही बोलत नव्हता. मी पालकांच्या ग्रुपवर सरळ मराठीत विचारलं, "मॅडम, ब्रेडमध्ये नियम का चालत नाही?" एका बाईंनी हसरा चेहरा टाकला. टीचरनं इंग्रजीत एक ओळ लिहिली. ती मी फोनकडून मराठीत करून घेतली, तर 'ते पुढे येईल' असं निघालं. उत्तर टाळायचं असलं की आमचा सुपरवायझरही हेच म्हणतो.

"अगं, शिकवतात ते शिकू दे तिला. तू नको लय खोलात जाऊ," हे म्हणाले.

मी म्हटलं, नियमांच्या नादी लागायचंच नाही. आमच्या शाळेत सर एकेक शब्द म्हणायचे आणि आम्ही सगळी पोरं त्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठीत लिहून घ्यायचो. त्यावर मी दहावी पास झाले. इथं सरांच्या जागी फोन होता. पुस्तकाच्या पानासमोर धरला की तो वाचून दाखवतो. त्याच्यावरही माझा भरवसा नव्हता, म्हणून एकेक शब्द तीन-तीनदा म्हणून घ्यायची. मग पेन्सिलीला बारीक टोक काढून शब्दावर लिहायची: रेन, केक, ट्रीट, बोट. पोरगी केजीत असतानाच घरी बाराखडी शिकली होती, त्यामुळे तिला ते झरझर वाचता यायचं. आठ दिवसांत तिनं अख्खा धडा न अडखळता वाचला. मी त्याचा व्हिडिओ काढून गावाकडे आईला पाठवला. खरं सांगते, त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

फेब्रुवारीत तिच्या डायरीत नोट आली. फोन धरून बघितलं. वाचन फारच कच्चं आहे, शनिवारी येऊन भेटा, पुढच्या वर्षी क तुकडीत बसवण्याचा विचार करावा लागेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क तुकडी म्हणजे काय, ते शाळेतल्या सगळ्या आयांना ठाऊक होतं. वाचायला न येणारी मुलं एकत्र करून तळमजल्यावर शेवटच्या वर्गात बसवतात. तिथून कुणी परत वर गेल्याचं ऐकलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये चौथीतली एक मुलगी त्या तुकडीत होती. कितवीत आहेस, असं कुणी विचारलं की ती नुसतं 'चौथी' सांगायची आणि आत पळायची. माझ्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घरी पोरगी घडाघडा वाचते आणि शाळेत कच्ची? कुठंतरी पाणी मुरत होतं. आधी माझा संशय टीचरवर गेला. ग्रुपवर मराठीत प्रश्न विचारलेला यांना झोंबला असणार. किंवा घरी शिकवणी घेत असतील आणि कच्ची ठरवलेली मुलं तिकडे वळवत असतील. मी एक दिवस तासाभराची सुट्टी टाकली आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या मागे मागे गेले. बाईंनी कोथिंबीर घेतली, लिंबाला जास्त पैसे का म्हणून घासाघीस केली आणि रिक्षात बसून गेल्या. मी मात्र उन्हात उभी राहून घामाघूम झाले.

मग मी पोरीला धरलं. "टीचर मारतात का?"

"नाही."

"ओरडतात?"

"नाही."

"मग तिथं तुझी दातखीळ का बसते?"

तिनं बुटाच्या वेलक्रोशी चाळा केला. "तिथलं पुस्तक वेगळं असतं," ती म्हणाली.

घ्या. म्हणजे आमच्यासारख्यांच्या मुलांना मुद्दाम अवघड पुस्तक देतात. मी रात्रीच दप्तरातून तिचं पुस्तक काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं. पुरावा हातचा जायला नको.

शनिवारी हाफ डे घेऊन गेले. टीचर वयानं माझ्याएवढ्याच होत्या. बोलायला शांत, पण सगळं इंग्रजीत, कारण पालकांशीही इंग्रजीतच बोलायचं असा तिथला नियम. निम्मं मला कळत होतं, निम्म्याला मी मान हलवत होते. बोलणं लांबायच्या आत मी पुस्तक काढून टेबलावर उघडलं आणि पोरीला म्हटलं, "वाच."

तिनं वाचलं. एकदाही अडखळली नाही. मी टीचरकडे बघितलं, की घ्या, आता काय म्हणता?

 टीचरनं उठून कपाटातून दुसरं पुस्तक आणलं, तेच पान उघडलं आणि पोरीसमोर ठेवलं. तोच धडा, तेच चित्र. फक्त पुस्तक कोरं होतं.

पोरगी गप्प. मी तिच्या पाठीला हात लावला, तरी गप्प. माझं कामच बघण्याचं, म्हणून मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. तिची नजर शब्दांवर नव्हतीच. ती शब्दांच्या वर, दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत काहीतरी शोधत होती. तिला त्या पानावर एक अक्षरही वाचता येत नव्हतं. वर्षभर ती माझं मराठी वाचत होती, आणि मी तिच्या इंग्रजीचे व्हिडिओ काढत होते.

टीचरनं आमच्या पुस्तकातल्या पेन्सिलीवर बोट ठेवलं आणि हे कुणी लिहिलं, असं विचारलं. तेवढं इंग्रजी मला कळलं. मी तोंड उघडणार, तोच पोरगी म्हणाली, "मी."

टीचर मला सावकाश, एकेक शब्द तोडून सांगू लागल्या. त्यांनी तिला आधीही हे विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी ती हेच म्हणाली. घरी कुणी लिहून देत असेल तर ते बंद करता येतं. पण मूल आपणहून असं करत असेल, तर ते अक्षरं टाळतंय, आणि मग क तुकडीच बरी. एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अक्षर माझं होतं, आणि ते सहा वर्षांच्या मुलीचं नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला कबूल करायला जागा मिळावी म्हणून त्या थांबल्या होत्या, असं आज वाटतं.

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसले. लाज वाटली, दुसरं काही नाही. त्यांनी क तुकडीचा फॉर्म पुढे केला, मी सही केली. सहीसुद्धा इंग्रजीत, कारण तेवढी मला येते.

जिना उतरून आम्ही फाटकाशी आलो. पोरीनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "बघ, मी नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलं?"

"तुला इंग्लिश येत नाही ते. कुणालाच नाही सांगितलं."

मला एकदम आठवलं. ज्युनिअर केजीच्या ॲडमिशनला इथं आईबापांची मुलाखत होती. आम्ही दोघांनी आठ दिवस दहा वाक्यं पाठ केली होती आणि फॉर्मवर घरची भाषा म्हणून बेधडक इंग्रजी लिहिलं होतं. आणि येताना रिक्षात मी तेव्हा चार वर्षांच्या असलेल्या या पोरीला दम भरला होता. आईला इंग्रजी येत नाही हे शाळेत कुणालाही सांगायचं नाही, कळलं तर तुझं नाव काढतील. ॲडमिशन झाली, पेढे वाटले, आणि आम्ही ते विसरूनही गेलो. तिनं मात्र अडीच वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. साऱ्या जगावर संशय घेऊन झाला होता माझा, फक्त स्वतःवर घ्यायचा राहिला होता.

मी वळले आणि पुन्हा जिना चढायला लागले. तिला कळलं. "आई नको, नाव काढतील," म्हणत ती माझी ओढणी मागे ओढत होती. दारापर्यंत ती तशीच ओढत आली.

टीचर वह्या गोळा करत होत्या. "मॅडम, ते मी लिहिते," मी मराठीत म्हणाले. "फोन वाचतो आणि मी लिहिते. मला इंग्रजी वाचता येत नाही. पोरीची काही चूक नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली."

त्यांनी वह्या खाली ठेवल्या. फाइलमधून माझ्या सहीचा फॉर्म बाहेर काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मग शाळेचा नियम मोडून मराठीत म्हणाल्या, "जूनपर्यंत बघू. पण पुस्तक कोरं हवं. तिला रोज घरी कोण घेऊन बसेल?"

मी काही बोलायच्या आत पोरगी आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिचं नाक वाहत होतं. दोन्ही हात मागे करून तिनं मला आपल्या पाठीशी धरलं आणि टीचरला ठणकावून सांगितलं, "माय मदर. शी नोज इंग्लिश, टीचर. शी नोज एव्हरीथिंग."