न बसणारा नारूवाला

तो बसत नसे. आमच्या गावात दीड वर्षाहून जास्त राहिला, पण शेवटचे काही दिवस सोडले तर ओसरीवर टेकलेला कोणी पाहिला नाही. चहा उभ्याने प्यायचा. बोलताना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायचा, बैल जुवाखाली टाकतो तसा. जेवायला बसत असेल. ते मी पाहिलेलं नाही, कारण चावडीशेजारच्या खोलीत तो एकटाच रांधून खायचा. बाया पाट पुढे सरकवत, आणि तो म्हणे, "बसतो ना, हे एवढं झालं की बसतो." ते एवढं कधी होत नसे.

त्याचं नाव मला ठाऊक होतं. गावात कोणी ते घेत नव्हतं, म्हणून मीही घेत नाही. सगळे त्याला नारूवाला म्हणत. आमचं गाव केनवडच्या बाजाराला पायी जाऊन परत येण्याइतकं जवळ. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. पाणी पायऱ्यांच्या बारवेचं. उन्हाळ्यात ते तळाला जाई, मग बाया पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उतरून घागर बुडवत. आणि दर उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या पायांतून नारू निघे. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. सुतासारखा पांढरा किडा, हातभर लांब. आधी फोड येतो, आग होते, मग फोड फुटून तोंड दिसतं. तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा. ओढला की तुटतो, आणि तुटला की पाय सडतो.

नारूवाला डॉक्टरकीच्या परीक्षेत पहिला आला होता. विद्यापीठानं त्याला संशोधनाची शिष्यवृत्ती दिली होती, दोन वर्षांची. काम चांगलं ठरलं तर सोन्याचं पदक, आणि पुढं पाच वर्षांची संशोधनाची जागा. हे त्यानं पहिल्याच दिवशी पाराजवळ उभ्या उभ्या सांगितलं. लपवालपवी त्याला जमत नसे.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या म्हणाल्या, "पह्यला नंबर आला अन् नारू मोजाले धाडलं? दुसरा आला असता तं काय मोजाले लावलं असतं रे बाप्पा?"

तो हसला. "आजी, दुसरा आला त्याला शहरातच ठेवलं. त्याचा नंबर पंख्याखाली लागला."

"अन् पगार नारूचा मियते. मंग नारू गेला तं पगार बंद. तू त्याले काहून जाऊ देशीन?"

"नारू गेला तर पदक मिळतं."

"गयात घालून फिरशीन काय? म्हशीले घंटी अस्ते तशी?"

पण आत्याबाईंना तो आवडला होता. न आवडलेल्या माणसाशी त्या बोलतच नसत.

त्याचा पहिला प्रश्न कोणालाही एकच, "पाणी कुठलं पिता?" रामराम नंतर. लग्नाच्या मांडवातही त्यानं नवरदेवाला तेच विचारलं. त्याच्याकडे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं यंत्र होतं. गाव त्याला दुर्बीण म्हणे. बारवेच्या पाण्याचा थेंब त्याखाली ठेवून त्यानं आम्हा बायांना दाखवला. आत डोळ्याला न दिसणारे बारके जीव उड्या मारत होते. "नारूची पिल्लं यांच्या पोटात बसून तुमच्या पोटात येतात," तो म्हणाला. "यंदाच्या उन्हाळ्यात प्यायलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यात पायातून निघतं. आणि फोड आलेला पाय पाण्यात बुडवला की नारू तिथं पुन्हा पिल्लं सोडतो."

आत्याबाईंनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "इतकी वर्सं हे पोटात गुमान राह्यले. तू कायले त्याईले जागं करून राह्यला?"

त्याची घाई मला तेव्हा कळली नव्हती. नारूला वर्ष लागतं, विद्यापीठ वर्षं मोजून देतं. तो दिवाळीनंतर आला. एका उन्हाळ्यात गल्लीनं पाणी गाळून प्यायचं, दुसऱ्या उन्हाळ्यात कोणाला नारू निघतो ते पाहायचं, आणि वैशाख संपायच्या आत वाशीमच्या टपालात कागद टाकायचे. चुकलं तर तिसरी संधी नाही. नारूला घाई करता येत नव्हती, म्हणून तो स्वतःच दिवसभर बारवेपासून चावडीपर्यंत फेऱ्या मारायचा.

फाल्गुनात त्यानं घरटी एक कापड वाटलं. पांढरं, कोरं, सगळ्यांना एकाच मापाचं. घागरीच्या तोंडाला बांधून पाणी गाळायचं. वरच्या गल्लीनं कापड घेतलं आणि लेकरांची अंगडी शिवली. तो दोन दिवस चिडला, मग म्हणाला, "बरं झालं. तुलना करायला एक गल्ली आपोआप मिळाली." आमच्या गल्लीत बाया कुजबुजल्या. कोरं पांढरं कापड मढ्यावर घालतात, ते पाण्याच्या घागरीला कसं बांधायचं? शेजारच्या गंगाकाकूंनी तोड काढली, कापड हळदीच्या पाण्यात बुडवलं. पिवळं झालं की ते मढ्याचं राहिलं नाही. नारूवाल्यानं गल्लीभर पिवळी कापडं वाळताना पाहिली आणि डोक्याला हात लावला. "हळदीनं काही बिघडत नाही ना?" स्वतःलाच विचारत होता. पण खूश होता.

आता आमच्या घरचं सांगते. माझे सासरे त्याच पौषात वारले होते. आत्याबाईंनी कापड नारूवाल्याच्या हातून घेतलं, "बरं" म्हणाल्या, आणि तो गेल्यावर पेटीच्या तळाला ठेवून दिलं. मी हळदीचं नाव काढलं. त्या म्हणाल्या, "माह्या घरातून यंदा एक कोरं कापड गेलं. हळद लावली म्हून मले ते दिसाचं राह्यते काय? पुना नाव काढू नको." मी काढलं नाही.

अडचण अशी की रोज कोण पाणी गाळतं याची वही नारूवाल्यानं माझ्याकडे दिली होती. परक्या पुरुषाला स्वयंपाकघरात जाता येत नसे, आणि गल्लीतल्या सुनांत चौथी शिकलेली मी एकटी. रोज सकाळी चौदा घरांच्या दारात जायचं, विचारायचं. गाळलं असेल तर उभी रेघ, नसेल तर शून्य. तेरा घरांचं मी विचारून लिहिलं. चौदावं माझं. तिथं रोज शून्य यायला हवं होतं. पण सुनेनं सासूचं शून्य वहीत मांडायचं, ती वही विद्यापीठात जायची, हे मला जमलं नाही. मी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी दुसरी ओढली. हात सवयीचा झाला. आत्याबाई एकदा म्हणाल्या, "आपलं काय लिहितं?" मी म्हटलं, "सगळ्याईचं लिहितो तेच." खरं बाहेर फुटलं असतं तर त्यांनाही मान खाली घालावी लागली असती, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढचा उन्हाळा आला. वरच्या गल्लीत फोड दिसू लागले. एक, चार, नऊ. आमच्या गल्लीत एकही नाही. नारूवाल्याचे पाय जमिनीला लागेनात. दिवसातून तीनदा गल्लीतून जायचा, बायांच्या घोट्यांकडे बघत. गंगाकाकू म्हणाल्या, "डाक्टर, तुमचं लगन झालं असतं तं एवढे पाय पाह्यले नसते."

"लग्न झालं असतं तर ही वृत्ती मिळाली नसती," तो म्हणाला, आणि निघून गेला.

चैत्राच्या शेवटी माझ्या उजव्या घोट्याला खाज सुटली. मग आग. मग फोड.

मी पातळ खाली ओढून चालू लागले. कागद लिहून झाले होते, हे मला माहीत होतं. त्यानंच दारात उभं राहून वाचून दाखवलं होतं, "गाळणाऱ्या चौदा घरांत एकही नारू नाही." दोन दिवस थांबलं की कागद वाशीमला जाणार होते. फोड फुटेपर्यंत कोणाला कळलं नसतं. तोवर लपवावं असं मला वाटलं होतं, खोटं सांगत नाही.

पण पाणी रोज आणावं लागतं. सकाळी घागर घेऊन बारवेवर गेले. पाणी तळाला होतं. उतरायचं म्हणजे पाय बुडवायचा. नारूवाला गावात यायच्या आधी मी विचार न करता उतरले असते, आमच्या आया-आज्या उतरत आल्या तशी. आता मला ठाऊक होतं पाय बुडवला की काय होतं. त्यानंच दाखवलं होतं. खालच्या पायरीवर गंगाकाकूंची लेक पाणी भरत होती. मी वरच्या पायरीवर रिकामी घागर घेऊन उभी राहिले. पाय पुढे जाईना.

तो फेरीवर आला. "वहिनी, उतरत का नाही?"

मी पातळ वर केलं. "पायात नारू हाय."

त्यानं आधी पाय पाहिला, मग माझं तोंड. "तुमच्या घरी तर रोज गाळलं. वहीत एकही शून्य नाही."

"वहीत गाळलं. घरात नाई."

आणि तो बसला. बारवेच्या दगडावर, तिथंच, उन्हात. बसलेला माणूस इतका लहान दिसतो हे मला त्या दिवशी कळलं. मग म्हणाला, "तुमचं घर न गाळणाऱ्यांत धरलं तर माझं म्हणणं उलट पक्कं होतं. कळतं ना? न गाळणाऱ्या घरी नारू आला."

"मंग तसं लिहा."

"बाकीच्या तेरा घरांचं काय? तुम्ही गाळताना पाहिलं होतं?"

"इचारलं होतं."

"पाहिलं होतं का?"

"नाई. अन् दोन घरी मले शंका होती. तरी रेघ ओढली."

त्यानं मान हलवली. "एक ओळ खोटी निघाली. आता बाकीच्या खऱ्या आहेत असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

मी म्हटलं, "कोनाले कयनार हाय?"

"मला कळलंय ना."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मी रडले नाही. रडून वही खरी होत नाही. त्यानं कागदावर नवी ओळ लिहिली की वहीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि कागद घेऊन पायी वाशीमला गेला. पंधरवड्यात उत्तर आलं. पदक आणि जागा दुसऱ्या कोणाला दिली होती. वृत्ती संपली होती. त्याला त्याच दिवशी जाता आलं असतं.

तो राहिला, माझ्या पायासाठी. जन्मभर घाई केलेला तो माणूस रोज सकाळी ओसरीवर यायचा, तुरीच्या काडीवर नारूचं तोंड अडकवून एक वेढा द्यायचा. एकच. मी म्हणे, "अजून एक द्या, सुटू द्या मले." तो म्हणे, "तुटेल." आणि यासाठी तो बसायचा. पाटावर, माझ्या पायाजवळ. आत्याबाई दाराच्या उंबऱ्यावर बसून पाहायच्या.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "जुनं चाललं असतं काय?"

"काय जुनं?"

"लुगडं. माह्यं नेसून मऊ झालेलं. चारपदरी करून."

त्याचा हात काडीवर थांबला. "चाललं असतं, आजी."

"मंग कोरंच काहून देल्लं?"

"सगळ्या घरांत एकसारखं असावं म्हणून. विद्यापीठात तसं विचारतात."

"विद्यापीठाच्या घरी त्या वर्सी कोनी मेलं नसन."

त्या दिवशीचा वेढा देऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "पाणी कुठलं पिता, हे मी सगळ्यांना विचारलं. कापड कसलं चालेल, हे कोणालाच नाही."

आत्याबाई उठल्या आणि आपलं जुनं लुगडं फाडलं. त्या दिवसापासून आमच्या घरी पाणी गाळलं जाऊ लागलं. उशिरा, पण खरं.

नारू पूर्ण निघाला तेव्हा मृग लागला होता. त्यानं काडी जाळली, पायाला औषध लावलं आणि खोलीतलं सामान एका पेटीत भरलं. दुर्बीण विद्यापीठाची होती, ती परत द्यायची होती. वही मात्र परत माझ्या हातात दिली. निम्मी कोरी होती. म्हणाला, "आता पाहून लिहा." मग उभ्यानेच चहा प्याला आणि केनवडच्या वाटेला लागला. वळून पाहिलं नाही. मीही फार वेळ थांबले नाही, चुलीवर भाकर होती.

मी लिहिलं. रोज चौदा घरी जाऊन घागरीचं तोंड डोळ्यानं पाहिलं. दोन घरी शिव्या खाल्ल्या. एका घराला वर्षभर शून्य दिलं, ते माझ्या चुलत सासूचं होतं, त्या माझ्याशी पुढे कधी बोलल्या नाहीत. त्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात गल्लीत नारू एकच निघाला, त्याच घरी. मग वरच्या गल्लीच्या बाया आमच्याकडे जुन्या लुगड्याची घडी कशी घालायची ते विचारायला आल्या. बारवेला पायऱ्या होत्या तोवर नारू गावातून पूर्ण गेला नाही. आमच्या गल्लीतून गेला.

मी त्याला कार्ड टाकलं. पत्ता वहीच्या पुठ्ठ्यावर होता. लिहिलं, "गल्लीत नारू एक. न गाळणाऱ्या घरी. बाकी तेरा घरी नाही. सगळं डोळ्यानं पाहिलं आहे. तुम्हाला आता ही वही कुठं दाखवता येईल का?"

त्याला पुढं जागा मिळाली का, ते मला माहीत नाही. वही कोणी मागितली नाही, ती अजून माझ्या पेटीत आहे. दोन महिन्यांनी उत्तराचं कार्ड आलं. त्यात जागेचं, पदकाचं काही नव्हतं. एवढंच होतं, "कार्ड मिळाले. बसून वाचले."