काठ मोकळा ठेवावा

तुम्ही कधी एखाद्या समितीत बसला आहात का? आमच्या तलाव समितीत मी दोन वर्षं बसले. तिथले किस्से तळ्यातल्या जलपर्णीसारखे. एक उपटला की मागे चार तरंगत येतात.

आमचं तळं सातपूरच्या पुढे. तिथे लोकांना फिरायला पर्यावरणपूरक जागा करायची ठरली. अध्यक्ष एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणत. शिवाय एक इंजिनिअर साहेब, कंपनीत रात्रपाळी करून थेट बैठकीला येणारा दत्तू, आणि जन्मभर त्याच पाण्यात मासे धरलेले काशिनाथभाऊ. माझं अक्षर बरं, म्हणून ठरावाची वही माझ्याकडे.

काशिनाथभाऊंचं मागणं पहिल्या दिवसापासून एकच. "पूर्वेच्या काठाला पाणकणसाचं उंच गवत हाय. त्यात पाणकोंबड्या अंडी घालत्यात. तेवढं सोडा. बाकी तुमचं काय बी करा."

सर म्हणाले, "नोंद घेतली." वही माझ्या मांडीवर बंदच होती.

*

साहेबांनी चालायचा ट्रॅक ऐन मे महिन्यात मोजला. नकाशा देखणा झाला. काशिनाथभाऊंनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"साहेब, श्रावणात इथं छातीभर पाणी ऱ्हातं. ट्रॅक पोहणाऱ्यांचा हाय का?"

साहेब म्हणाले, "सीझनल ट्रॅक म्हणू."

मी तसंच लिहिलं.

*

मग पक्ष्यांची माहिती देणारा बोर्ड आला. त्यावर मोठा गुलाबी रोहित पक्षी.

काशिनाथभाऊ बराच वेळ बघत राहिले. "ह्यो कधी येतो आपल्याकडं?"

"येत नाही," सर म्हणाले, "पण लोकांना आवडतो."

"मंग जे येत्यात त्यांनी कुठं बघायचं?"

*

हंसाच्या आकाराची पायडल बोट आली, तेव्हा चाचणीला सर आणि साहेब स्वतः बसले. "इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही," सर काठावरच्या लोकांना सांगत निघाले. मध्यावर पायडलला जलपर्णी गुंडाळली आणि हंस जागीच उभा राहिला.

काशिनाथभाऊ टायरच्या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत गेले, दोरी बांधली, आणि दोघांना ओढून आणलं. काठाला लागल्यावर एवढंच म्हणाले, "परत येणं बी नाय, ते सांगायचं ऱ्हायलं सर."

*

दत्तू बैठकीत झोपायचा. बिचारा रात्रभर मशीनपुढे उभा असे. त्याची मान खाली गेली की सर म्हणत, "दत्तूचं अनुमोदन." निम्मी कामं अशी झोपेत मंजूर झाली.

एका बैठकीला मात्र तो जागा होता. काशिनाथभाऊ त्या दिवशी उठून उभे राहिले. "आत्ता कोंबड्या अंड्यावर बसल्यात. काठ तेवढा मोकळा ऱ्हाऊ द्या. बाक नको, फरशी नको."

सरांनी मान डोलावली, साहेबांनीही. दत्तू म्हणाला, "माझं अनुमोदन. जागेपणी."

मी चांगल्या अक्षरात लिहिलं: 'तलावाचा पूर्वेकडील काठ मोकळा ठेवावा.'

काशिनाथभाऊंना वाचता येत नाही. "ताई, वाचून दाव." मी वाचलं. त्यांनी परत वाचायला लावलं, मग वहीच्या पानावरून हात फिरवला. "झ्याक लिहिलंस."

साहेबांनी तो ठराव जसाच्या तसा ठेकेदाराच्या कागदात उतरवला. पंधरा दिवसांनी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "वहिनी, मशीन आलंय. तुमच्या ठरावापासूनच सुरुवात करतोय, उजाडताच."

मला बरं वाटलं. घरात सगळ्यांना सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा पूर्वेचा काठ मोकळा होता. पाणकणसाचं एक पातं उभं नव्हतं. काशिनाथभाऊ ओल्या मातीत बसले होते. मला बघून म्हणाले, "ताई, काय लिहिलं व्हतं, ते परत वाच."

मी वही उघडून वाचलं.