फक्त प्रार्थनेसाठी

शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला आणि चादरवालीच्या पोटात एक गुपित पडलं. आता चादरवालीच्या पोटात गुपित म्हणजे चाळणीत पाणी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला स्वतःला.

"आई, तिसरा महिना संपत आलाय," मुलगी म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणतात, या खेपेला अंथरुणातून उठायचं नाही. मी रविवारी दुपारी येते. बाळ होईपर्यंत तुझ्याकडेच राहीन म्हणते. पण हे कुणाला सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. आणि तुझ्या त्या प्रार्थनेच्या बायका माझ्या उशाशी नकोत. एक जरी दिसली ना, तरी मी आल्या पावली सासूबाईंकडे जाईन."

अट कडक वाटते, पण पोरीने ती उगाच घातली नव्हती. आधी दोनदा तिचं गेलं होतं. दुसऱ्या वेळी तर चौथ्याच दिवशी चर्चच्या मंडळीतल्या सात बायका तिच्या पलंगाभोवती खुर्च्या मांडून बसल्या आणि यात देवाची काय इच्छा असेल यावर तासभर मतं देत राहिल्या. एकीने घरात काही लपलेलं पाप आहे का असंही विचारलं, चहा पिता पिता. आणि तेव्हा चादरवाली काय करत होती? चहा देत होती. त्यानंतर दीड वर्षं पोरीने माहेरचा उंबरठा ओलांडला नव्हता.

म्हणून फोनवर चादरवालीला रडू फुटलं. "अगं, देवाशपथ..." असं ती म्हणायला गेली, मग त्यांच्यात शपथ घेत नाहीत हे आठवून तिने जीभ चावली आणि "शब्द देते" म्हणाली. फोन ठेवल्या ठेवल्या मागची खोली झाडली. इस्पितळाच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं परक्यांच्या चादरींच्या घड्या घातलेली बाई ती, म्हणून तर हे नाव पडलेलं. त्या संध्याकाळी तिने लेकीच्या पलंगावर चादर घातली, चारही कोपरे ताणून, एक सुरकुती राहू दिली नाही. इथपर्यंत तिला बोल लावायला जागा नाही.

तिला धास्ती होती ती नवऱ्याची. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा, आणि गल्लीने त्याचं नाव ठेवलं होतं भोंगा. सोमवार ते शुक्रवार हा माणूस मशीनच्या पोटात डोकं खुपसून असायचा, दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप. शनिवार उजाडला की मात्र खांद्याला लाउडस्पीकर अडकवून बसथांब्यावर उभा राहायचा आणि जगाला आपली पापं सांगायचा. मी दारू पीत होतो, मी मेहुण्याला खुर्ची फेकून मारली होती, मी बायकोच्या पगाराचं पाकीट चोरलं होतं. ऐकून ऐकून शाळकरी पोरांना ती पापं क्रमाने पाठ झाली होती.

"याला कळलं की संपलंच," चादरवाली मनात म्हणाली. "हा माझ्या पोरीचं पोट बसथांब्यावर जाहीर करील." मग ती अशी काही तोंडाला कुलूप लावून बसली की विचारू नका. भाजी चिरताना गप्प, जेवताना गप्प. आपण नवऱ्यापेक्षा केवढ्या शहाण्या, या विचाराने तिची छाती फुगली होती.

शनिवारी सकाळी दोघं थांब्यावर गेली. भोंगा एका लाकडी खोक्यावर चढला, ती पत्रिका वाटू लागली. पत्रिकेवर लाल अक्षरांत छापलं होतं, 'आज मेलात तर कुठे जाल?' बसच्या कंडक्टरने ती वाचली आणि म्हणाला, "डेपोत. तिथे हजेरी लावल्याशिवाय आम्हाला मरायचीही सोय नाही." रांगेतली माणसं खदाखदा हसली. भाजीवालीने दहा पत्रिका एकदम मागून घेतल्या, मिरच्यांच्या पुड्या बांधायला.

"मी दारुडा होतो!" भोंगा गरजला.

"होतास तेव्हा गप्प तरी असायचास!" पलीकडून चप्पल शिवणारा ओरडला आणि त्याने आपला रेडिओ मोठा केला.

चादरवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर शनिवारी व्हायचं. बावीस वर्षांत या थांब्यावरून एकच माणूस मंडळीत आला होता, आणि तो दोन महिन्यांनी गाण्यांच्या वह्या घेऊन पसार झाला. पण हा बाबा काही खोक्यावरून उतरायला तयार नव्हता. "बोलायचं कधी आणि मिटायचं कधी, काडीची अक्कल नाही," ती पुटपुटली आणि एका आजोबांच्या खिशात पत्रिका कोंबली, ते नको नको म्हणत असताना.

मध्येच भाजीवालीने भोंग्याला विचारलं, "काका, तुमची मुलगी दिसत नाही हल्ली?" चादरवाली पत्रिका वाटायची थांबली. भोंगा म्हणाला, "बरी आहे," आणि परत नरकाकडे वळला. चला, याला काही पत्ता नाही! तिच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी मंडळीत मिशनचा कार्यक्रम होता. लांबच्या कुठल्याशा बेटावरून एक मिशनरी जोडपं आलं होतं. त्यांनी भिंतीवर फोटो दाखवले. फोटोत बेट थोडं आणि मिशनरी जास्त. मिशनरी पोरांना औषध देताना, मिशनरी विहिरीपाशी, मिशनरी विचार करताना. लोक सद्‌गदित होऊन बघत होते. फोटो संपल्यावर पुरुष खुर्च्या उचलायला लागले आणि बायका शेजारच्या रविवारच्या शाळेच्या खोलीत जाऊन बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर गोल करून बसल्या, गुडघे हनुवटीला टेकवून.

हा गोल म्हणजे प्रार्थनेची साखळी. बारा बायका होत्या. एकीने विनंती सांगायची, वहीत लिहायची, मग घरी जाऊन पहिलीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि बारावीने पहिलीला कळवायचं की साखळी पूर्ण झाली. चहाड्या करणं हे पाप, यावर बाराही जणींचं एकमत होतं. म्हणून बोलण्याआधी 'फक्त प्रार्थनेसाठी सांगते' एवढे तीन शब्द म्हणायचे. ते म्हटले की मग शेजाऱ्याचा जुगार, जावेचं कर्ज, भाच्याचं लफडं, काय वाटेल ते नावानिशी सांगा, तुम्ही पवित्र.

वही मास्तरीणबाईंकडे असायची. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण हजेरी घ्यायची खोड गेली नव्हती. पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोने, सवयीप्रमाणे अख्ख्या बेटासाठी विनंती सांगितली. मिशनरीणबाईंनी बोटीच्या इंजिनासाठी सांगितली. मग चादरवालीची पाळी आली. एरवी तिच्या विनंत्या म्हणजे गुडघेदुखी, धुलाईघराचा बॉयलर आणि नवऱ्याचा घसा. त्या वहीत लिहून घ्यायचे कष्टही मास्तरीणबाई घेत नसत. आज मात्र तिच्याकडे असं काही होतं की बेट त्यापुढे फिकं पडावं.

आवरलं का तिने स्वतःला? छे!

"फक्त प्रार्थनेसाठी सांगते," ती म्हणाली. "नाव नाही हं सांगणार. माझ्या अगदी जवळची एक मुलगी आहे. दोनदा गेलंय तिचं. आता तिसरा महिना आहे. झोपून राहायला सांगितलंय बिचारीला. उद्या दुपारी माहेरी येतेय."

मास्तरीणबाईंनी चष्मा चढवला आणि वही उघडली.

"जवळची म्हणजे किती जवळची?"

"ते मी मरेन पण सांगणार नाही," चादरवाली म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

तिला मुलगी एकच होती. अकरा बायकांपैकी एकीलाही हे गणित अवघड गेलं नाही. पाळकीणबाईंनी उठून तिला मिठी मारली, मिशनरीणबाई म्हणाल्या की बेटावरही हे कळवू. वीस वर्षांत पहिल्यांदा चादरवालीची विनंती गोलातली सगळ्यात मोठी ठरली. आणि मनाला टोचणी? नावालाही नाही. तिच्या मते तिने देवाला सांगितलं होतं, बायका आपल्या तिथे बसलेल्या होत्या, त्याला ती काय करणार?

रविवारी सकाळी उपासनेला जाईपर्यंत साखळी पूर्ण झाली होती. पाळकांनी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली, "आणि हे प्रभू, आपल्यातल्या एका घरी आज जी बहीण तिसऱ्या खेपेची आशा घेऊन येते आहे..." भोंग्याने डोळे उघडले आणि बायकोकडे बघितलं. बायकोने आपले डोळे आणखी घट्ट मिटले. आता हा घरी जाऊन तमाशा करणार, ती मनात म्हणाली. पण घरी जाताना तो वाटभर एक शब्द बोलला नाही. पित्त झालं असेल, असं तिने ठरवून टाकलं.

एक वाजता मुलगी आली. चेहरा उतरलेला, हातात एकच बॅग. दीड वर्षाने आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "भूक लागलीय गं." हे ऐकून चादरवालीला आभाळ ठेंगणं झालं. तिने कोंबडी वाढली, भात वाढला, पाणी ठेवलं, आणि समोर बसून पोरीचा घास न्‌ घास बघत राहिली. भोंगा दाराशी उभा होता. बसत नव्हता, जेवत नव्हता, सारखा रस्त्याकडे बघत होता.

मुलीने चार घास खाल्ले असतील नसतील, तेवढ्यात त्या आल्या. पुढे पाळकीणबाई, मागे मास्तरीणबाई वही घेऊन, आणि त्यांच्यामागे मिशनरीणबाई, हातात विणलेलं इवलंसं टोपडं.

"आत्ता नको," भोंगा दारात आडवा होऊन म्हणाला. "ती जेवतेय."

"पाचच मिनिटं हो," म्हणत पाळकीणबाई त्याच्या हाताखालून आत शिरल्या.

"हीच का ती?" मिशनरीणबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गुडघे टेकून पोरीच्या पोटावर हात ठेवला.

मुलीने तो हात उचलून बाजूला केला. अगदी सावकाश, जणू कुणाची वस्तू परत देत होती. मग तिने आईकडे बघितलं.

आता तरी बाईने खरं बोलावं की नाही? चूक झाली, तोंडातून गेलं, माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. पण चादरवालीने काय केलं? तिने नवऱ्याकडे बोट केलं.

"माझ्याकडे काय बघतेस? यांनीच कुठेतरी बरळलं असेल! काल सकाळभर थांब्यावर उभे होते ते!"

"नाही हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. नोंदीची चूक त्यांना खपायची नाही. त्यांनी वहीचं पान उघडून पुढे धरलं. "शनिवार संध्याकाळ, विनंती क्रमांक नऊ. तुमचंच नाव आहे इथे."

मुलीने ताटातच हात धुतला आणि उठली.

"बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आई," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंकडे दर पंधरा दिवसांनी तेच घेऊन जायचे मला, दुकान बंद करून. मी तुला सांगायला तयारच नव्हते. तेच मागे लागले होते माझ्या. म्हणाले, आईला एक संधी दे, माझं ऐक, या खेपेला ती तोंड उघडणार नाही."

चादरवालीने तोंड उघडलं, पण आतून काही आलं नाही. पाळकीणबाई म्हणाल्या, "आपण हिच्या रागासाठी प्रार्थना करू या का?" मुलगी सावकाश चालत, एक हात पोटावर धरून, बाहेर गेली. सासूबाईंच्या गावाची बस दोन वाजता होती.

भोंग्याने तिची बॅग उचलली. शनिवारी सगळ्या रस्त्याला ऐकू जाणारा हा माणूस बायकोजवळ आला आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतक्या हळू म्हणाला, "तुझ्यासाठी मी शब्द दिला होता गं तिला."

आणि लेकीच्या मागोमाग चालू लागला.